परसदारी ताम्हण

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प होय, ही माहिती शाळेतील मुलेही सांगतात. तथापि प्रत्यक्ष झाड दाखवा म्हटले, तर अनेक जाणत्यांचीही अडचण होते. घराच्या आवारात शोभेचे झाड लावावयाचे ठरले की प्रथम आठवतो तो मूळचा मादागास्करचा गुलमोहर. वास्तविक त्याच वैशाखात सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी आणि कोकणातील पऱ्ह्यांलगत ताम्हणाला जांभळा बहर आलेला असतो.

ताम्हण हा मेंदीच्या कुळातील पानझडी वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा असे आहे. एप्रिल ते जून या काळात फांद्यांच्या टोकांस फुलांचे उभे तुरे येतात. फुलास बहुधा सहा पाकळ्या असतात व त्या झिरझिरीत वस्त्राप्रमाणे चुणीदार दिसतात. हिवाळा सरताना, गळण्यापूर्वी, पाने तांबूस होतात. ही शोभाही फुलांहून उणी नसते, पण तिची दखल क्वचितच घेतली जाते.

हे झाड ओलाव्याचे आहे, ही गोष्ट लागवड करणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी. कोकणात व घाटमाथ्यालगत ते फारशा निगेविना वाढते. मराठवाड्यातील वा सोलापूर भागातील कोरड्या माळावर मात्र केवळ राज्यपुष्प म्हणून ते लावणे इष्ट नव्हे. तेथे बहावा अधिक तग धरील. अशा भागात ताम्हण हवेच असेल, तर विहिरीजवळची अथवा न्हाणीच्या सांडपाण्याचा ओलावा पोहोचणारी जागा निवडावी. मात्र साबणाचे दाट पाणी थेट बुंध्याशी सोडू नये. जागेवर दिवसभर ऊन असावे. सावलीत झाड वाढते, पण फुलत नाही. घराच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर अंतर ठेवावे व वर विजेच्या तारा नाहीत हे पाहावे. नागरी क्षेत्रात १९७५ च्या अधिनियमानुसार स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तेव्हा जागेचा विचार खड्डा खणण्यापूर्वीच झालेला बरा.

खड्डा सर्व बाजूंनी ६० सेंटिमीटरचा घेऊन उन्हाळ्यात तापू द्यावा. चांगला पाऊस झाल्यावर माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावावे, आधाराची काठी द्यावी आणि गुरांपासून रक्षणासाठी कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते.

छाटणीविषयी विशेष सांगावयास हवे. ताम्हणाची फुले त्याच वर्षीच्या कोवळ्या फुटीवर येतात. पावसाळ्यापूर्वीची साफसफाई म्हणून एप्रिल-मे महिन्यांत फांद्या उतरविल्या, तर त्या वर्षीचा बहरच कापला जातो. आणि मग झाड फुलत नाही अशी तक्रार होते. छाटणी आवश्यकच असेल, तर पाने गळाल्यावर, नवी पालवी फुटण्यापूर्वी उरकावी.

रोपे विकतच घ्यावी लागतात असे नाही. हिवाळ्यात झाडावर टणक, गोल बोंडे वाळलेली दिसतात. ती तडकण्याच्या बेतात असताना काढून कागदावर पसरावीत. आतील पंखधारी बी हलके असल्याने वाऱ्यापासून जपावे. वाफ्यात बी पेरून वर बारीक मातीचा पातळ थर द्यावा व झारीने पाणी शिंपडावे. रोपे पेलण्याजोगी झाली की पिशव्यांत हलवावीत आणि वर्षभर वाढवून पुढील पावसाळ्यात लावावीत.