सकाळी शंभर, दुपारी वीस!

गॅसवाला दारात उभा, त्याला हवाय फोनवर आलेला नंबर, आणि नेमका त्याच वेळी फोन मेलेला! मैत्रिणींनो, हा प्रसंग तुमच्यावरही आला असेलच.

माझा फोन चार वर्षांचा. सकाळी शंभर टक्के भरलेला असला तरी दुपारच्या चहापर्यंत वीसवर यायचा. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामी, कंपनीनं भरलेल्या नको त्या ॲप्समुळे होतं हे. मी दुसरं सॉफ्टवेअर टाकून देतो."

याला म्हणतात कस्टम रॉम. अँड्रॉइडचा गाभा सर्वांना खुला असल्याने हौशी मंडळी त्याचं सुटसुटीत रूप तयार करतात. २००९ पासून सायनोजेनमॉड गाजलं. २०१६ च्या अखेरीस ते थांबलं आणि त्यातूनच लिनिएजओएस निघालं. मिळतं फुकट. पाठीमागे गुपचूप चालणारी कामं कमी, म्हणून बॅटरीचा खर्चही कमी.

पण ते टाकण्यासाठी फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, बरं का! भाच्यानं विचारलं होतं, "सगळं दुसरीकडे उतरवलंय ना?" मी पोळ्या लाटता लाटता "हो हो" म्हटलं. फोटो सुरक्षित होते. पण सासूबाईंनी मला लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण सांगितलं होतं, ते त्यांच्या आवाजात भरून ठेवलं होतं, ते नव्हतं उतरवलेलं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. माझ्यापेक्षा भाच्याचंच तोंड एवढंसं झालं. त्याची ती आजी.

शिवाय बँकेच्या ॲपनं या फोनवर चालायला साफ नकार दिला. कुलूप उघडलेल्या फोनवर अशी पुष्कळ ॲप्स चालत नाहीत. तेव्हा ज्या फोनवरून तुम्ही वाण्याचे पैसे देता, त्यावर हा प्रयोग नको. कपाटात पडून असलेल्या फोनवर मुलांना खुशाल करू द्या.

आणि एवढं करून फरक पडला तो तासा-दीड तासाचा. कारण साधं होतं. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची धारणशक्तीच घटते. टाकीच आटली, तर नळ आवळून पाणी किती पुरणार?

मग मोठी बॅटरी बसवावी का? पूर्वी ते सोपं होतं. २०११ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस-२ मध्ये १६५० एमएएचची बॅटरी असे; झाकण नखानं उघडून तिच्याजागी २००० ची जाड बॅटरी आणि वरून फुगीर झाकण बसवता येई. आताच्या फोनची पाठ चिकटवलेली असते. तेवढ्याच जागेत 'डबल पॉवर' देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करावा आणि पुढे जावं! कंपनीच्या अधिकृत केंद्रात मूळ मापाचीच नवी बॅटरी घालून घ्यावी. मी शेवटी तेच केलं (आणि जुनं सॉफ्टवेअरही परत घालून घेतलं). आता रात्री जेवणं उरकेपर्यंत फोन तग धरतो.

त्याआधी सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' उघडून कोणतं ॲप किती खातं ते जरूर पाहा. पडद्याचा उजेड कमी ठेवा. गावी रेंज नसेल तेव्हा फोन सिग्नल शोधून शोधून दमतो. तिथं एअरप्लेन मोड लावावा. उष्णता बॅटरीची वैरीण, म्हणून शेगडीजवळच्या ओट्यावर फोन नको आणि चार्जिंगला लावून उशीखाली तर नकोच नको.

फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र तो लगेच बंद करा. चार्ज करू नका, दाबू-टोचू नका, सरळ केंद्रात न्या. ती बॅटरी पेट घेऊ शकते.

आणि फोन कुणाच्याही हाती देण्यापूर्वी, मग तो घरचा भाचा का असेना, फोटोंबरोबर आवाजाची रेकॉर्डिंगं नि व्हॉट्सॲपवरचं बोलणंही उतरवून घ्या. लोणच्याचं ते बोलणं मी तेव्हा वन्संना पाठवलं होतं असं अंधुक आठवतंय. रविवारी त्यांच्याकडे जाऊन शोधणार आहे.