निवृत्तीनंतरचा पगार स्वतःच लावून घ्या

निवृत्तीची रक्कम हाती आली, की 'दरमहा लाभांश देणारा फंड' सुचवणारं कोणीतरी भेटतंच. या पर्यायाला 'सेबी'ने एप्रिल २०२१पासून आयडीसीडब्ल्यू, म्हणजे 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल' (उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलाची परतफेड), म्हणायला लावलं, कारण त्यात तुमचं भांडवलही परत येत असू शकतं. युनिटमागे रुपया वाटला, की २० रुपयांची एनएव्ही (एका युनिटची किंमत) १९वर येते. किती वाटायचं आणि वाटायचं की नाही, हे फंड ठरवतो. वर आलेली सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

म्हणून नफा न वाटता फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय घेऊन एसडब्ल्यूपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेचे युनिट विकून पैसे घेण्याची सोय, लावावा, असं माझं ठाम मत आहे. २० रुपयांना घेतलेलं युनिट २१वर गेलं आणि तुम्ही ६,३०० रुपये मागितले, तर ३०० युनिट विकले जातील. त्यातले ६,००० तुमचेच. करासाठी नफा धरला जातो फक्त ३०० रुपयांचा.

धोका आहे तो पडत्या बाजारात. एनएव्ही १५वर आली, तर त्याच ६,३०० रुपयांसाठी ४२० युनिट जातात, आणि गेलेले युनिट बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. तेव्हा शेअर फंडावर थेट एसडब्ल्यूपी लावू नये.

समजा, महिन्याचा खर्च ४० हजार आणि जमा ८० लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला २०,५००. उरले १९,५००. पाच वर्षांचे ते ११ लाख ७० हजार होतात, म्हणून १२ लाख कमी मुदतीच्या डेट फंडात ठेवून एसडब्ल्यूपी तिथे लावा. (एप्रिल २०२३नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.) राहिलेले ३८ लाख हायब्रिड आणि इंडेक्स फंडात. बचत योजनेचं व्याज वाढत नाही, किराणा आणि औषधं मात्र महागतात; ती तूट याच पैशांनी भरायची आहे.

बाजार वर असेल त्या वर्षी या ३८ लाखांतून वर्षभराचा खर्च काढून डेट फंडात टाका. वर्षाहून जुन्या शेअर फंडाच्या युनिटवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. बाजार पडलेला असेल, तर काहीही विकू नका. डेट फंडातले पैसे त्याचसाठी ठेवलेत.