विंचवाची ओळख

गोदातीरी वसलेल्या गंगाखेडच्या जुन्या वस्तीत दगडमातीच्या भिंतींच्या भेगांत, गोवऱ्यांच्या ढिगाखाली आणि पऱ्हाट्यांच्या भाऱ्यांत दडणारा विंचू हा वस्तुतः कीटक नव्हे. कीटकास पाय सहा, विंचवास आठ, आणि त्याचे गोत्र कोळ्याशी जुळते. बिऱ्हाड पाठीवर घेतलेली मादी मी नहाणीजवळचा दगड उलटताना पाहिली आहे : तांदळाच्या कण्यांसारखी पांढुरकी पिले एकमेकांस बिलगून बसलेली, पहिली कात टाकीपर्यंत तेथेच राहणारी.

आकारावरून भय मोजण्याची आपली रीत मात्र येथे घातक होय. काळा, दांडगा, रुंद चिमट्यांचा विंचू दिसावयास उग्र, परंतु त्याचा दंश सहसा प्राणघातक नसतो. याउलट तांबूस-पिवळ्या अंगाचा, फिकट पायांचा, सडपातळ चिमट्यांचा व जाड शेपटीचा तांबडा विंचू थेट हृदयावर घाला घालतो. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसोत वा न दिसोत, विशेषतः मुलास दंश झाला असता, मंत्र-उताऱ्यांत क्षणही न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडास राहून या दंशावर प्राझोसिन हे औषध तारक ठरते हे दाखविले. १९८६ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

विंचवाचा शोध रात्री घ्यावयाचा तर अतिनील किरणांची विजेरी वापरावी. तिच्या उजेडात तो हिरवट-निळा चमकतो.