एक औषध की दोन?

वर्धा शहराला अगदी लागून बोरगाव मेघे आहे. इथल्या कोणत्याही पानठेल्यावर खर्रा घोटणारे हात दिसतात. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घालून तो घासला जातो. सुपारी आणि तंबाखू समजते. चुना कशासाठी, असा प्रश्न आपण वर्गात विचारला तर "चवीसाठी" असे उत्तर येईल. खरे उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि तंबाखू सोडवणारे औषध कसे चालते हेही त्याच उत्तरातून उलगडते.

निकोटीन हा आम्लारी पदार्थ आहे. आम्लधर्मी द्रावणात त्याचा रेणू विद्युतभारित होतो, आणि असा रेणू गालाच्या आतील अस्तरातून सहज पार होत नाही. चुना मिसळला की मिश्रण आम्लारीधर्मी होते, रेणूवरचा भार जातो आणि निकोटीन झपाट्याने रक्तात शिरते. औषधी निकोटीन च्युइंगगममध्येही याच कारणासाठी कार्बोनेट क्षार घातलेले असतात. म्हणून चहा किंवा सरबत घेत घेत हा गम चघळला तर तो फुकट जातो. आमच्या ओळखीचे एक शिक्षक दिवसभर चहाबरोबर गम चघळत राहिले आणि आठवड्याने "यात काही दम नाही" म्हणून पुन्हा खर्ऱ्याकडे वळले. हा गम सतत चघळायचा नसतो. थोडा चावून, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा असतो.

आता औषधे दोन का, ते पाहू. सिगारेटच्या झुरक्यातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूत पोचते. तिथल्या ठरावीक ग्राहक-रेणूंना ते चिकटते, डोपामाइन स्रवते आणि बरे वाटते. सवय झालेल्या माणसाला दोन प्रकारचा त्रास होतो. एक दिवसभराची चिडचिड आणि अस्वस्थता. दुसरी अचानक उठणारी तलफ, जेवणानंतरची किंवा मित्र भेटल्यावरची. त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी हळूहळू, तासन्‌तास निकोटीन सोडते. पहिल्या त्रासाला ती बरी, पण तलफ उठली की तिचा वेग कमी पडतो. तिथे गम किंवा चघळायची गोळी उपयोगी. म्हणून दोन्ही एकत्र द्यावीत, ही कल्पना. अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर असे दिसले आहे की एकाच प्रकारापेक्षा ही जोडी दिल्यास सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याने वाढते.

पण तर्काला पटणारी प्रत्येक जोडी अशी उतरत नाही. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक चाचणी पाहा. ८९३ धूम्रपान करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एका गटाला पट्टी, दुसऱ्याला ब्युप्रोपिऑन (हे मुळात नैराश्यावरचे औषध), तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला बनावट पट्टी व बनावट गोळी. आपल्याला काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. वर्षानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले असे: बनावट गट १५.६ टक्के, पट्टी १६.४, ब्युप्रोपिऑन ३०.३, दोन्ही ३५.५ टक्के.

जोडी जिंकली ना? संशोधकांनी तसे म्हटले नाही. ३०.३ आणि ३५.५ मधला फरक योगायोगानेही पडू शकतो, असे त्यांनी नोंदवले. हे वर्गात करून बघता येते. वीस-वीस मुलांचे दोन गट करा. प्रत्येकाने एकदा नाणे उडवावे. छापा म्हणजे 'व्यसन सुटले' असे समजा. नाणी सारखीच, तरी एका गटात आठ आणि दुसऱ्यात बारा छापे सहज पडतील. गट शंभर-शंभरांचे केले तर टक्केवारीतले अंतर कमी होत जाते.

व्हॅरेनिक्लिनची गोष्ट याहून बोधक आहे. हे औषध निकोटीनच्या ग्राहक-रेणूंवर स्वतःच जागा अडवून बसते आणि थोडीशीच उत्तेजना देते. जागा अडलेली असताना वरून पट्टी लावून काय साधणार, ही शंका रास्तच. दक्षिण आफ्रिकेत ४४६ जणांवर झालेल्या चाचणीत (२०१४) मात्र २४ आठवड्यांनी जोडीचे यश ४९ टक्के, तर एकट्या व्हॅरेनिक्लिनचे ३२.६ टक्के आले. पुढे २०२१ साली अमेरिकेतील १,२५१ जणांच्या चाचणीत वर्षअखेर जोडीचा काहीच जादा फायदा दिसला नाही. दोन्हीकडे सुमारे एक चतुर्थांश लोकच यशस्वी झाले. एकाच चाचणीवरून बातमी छापू नये ती यासाठी.

या सगळ्या चाचण्या सिगारेटच्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्केच धूम्रपान करणारे होते, तर न जाळता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी वर्धा जिल्ह्यातल्या किशोरवयीनांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध केली. त्यात दर तीन मुलग्यांपैकी दोघांनी मागच्या महिन्याभरात तंबाखू घेतली होती, आणि तीही बहुतांशी खर्रा.

खर्रा खाणाऱ्यावर औषधाची परीक्षा घेणे अवघडही आहे. सिगारेट सोडली का, हे श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून कळते. खर्ऱ्याला धूरच नाही. निकोटीनपासून शरीरात बनणारे कोटिनिन लघवीत तपासावे, तर गम घेणाऱ्याच्या लघवीतही ते सापडणार! मग ॲनाबेसिन शोधतात. हे द्रव्य तंबाखूत असते, औषधी गममध्ये नसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने तंबाखू चघळणाऱ्या २३७ जणांवर व्हॅरेनिक्लिनची चाचणी घेतली (२०१४). "सोडली" असे सांगणारे अनेक निघाले. लघवीच्या तपासणीत टिकले त्याहून बरेच कमी.

आपल्या शाळेतल्या मुलांसाठी मात्र ही औषधे नाहीत. त्यांच्या चाचण्या मुख्यतः प्रौढांवरच झालेल्या आहेत, तेव्हा नववीतल्या मुलाच्या हाती दुकानातून आणलेला गम देऊ नये. त्याच्याशी बोलावे, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्यांसाठी, म्हणजे शिक्षकांच्या खोलीतल्या आपल्यासाठीही, १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.