पार्किन्सन आणि डोळे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: हात थरथरत नाहीत, म्हणजे पार्किन्सन नाही.
वस्तुस्थिती: बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला थरथर नसतेच. निदानासाठी हालचालींतला मंदपणा हवा आणि त्याच्या जोडीला थरथर किंवा स्नायूंचा ताठरपणा.

गैरसमज: हा हातापायांचा आजार, डोळ्यांचा काय संबंध?
वस्तुस्थिती: नजर कधी आणि कुठे वळवायची, यावर मेंदूतल्या बेसल गँग्लियाचा लगाम असतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन हे मेंदूतले रसायन कमी पडले की तो लगाम जास्तच आवळला जातो. मग नजर एका झेपेत लक्ष्यावर पोचत नाही. दोन-तीन तोकड्या टप्प्यांत जाते. आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो; या रुग्णांत ते प्रमाण घटते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. जवळचे बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत, त्यामुळे पेपरातल्या ओळी दुहेरी दिसतात. अशा वेळी नुसता नंबर बदलून भागत नाही. प्रिझमच्या काचांचा उपयोग होऊ शकतो.

गैरसमज: डोळे तपासले की आजार आधीच पकडता येतो.
वस्तुस्थिती: नजरेतले बारीक फरक यंत्रे टिपतात, पण वयोमानानेही नजर मंदावते. 2012 मध्ये एका अभ्यासाने रुग्णांच्या डोळ्यांत सूक्ष्म कंप नोंदवला. तो डोक्याच्या हालचालीतून आलेला असावा, असा आक्षेप इतर तज्ज्ञांनी घेतला. त्यामुळे एकट्या डोळ्यांवरून निदान होत नाही. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे हे मात्र काही वर्षे आधीपासून असू शकते. अर्थात, यांतले एखादे लक्षण असले म्हणजे पार्किन्सन होणारच, असेही नाही.

गैरसमज: नजर जितकी बिघडलेली, तितका पार्किन्सन पक्का.
वस्तुस्थिती: इथे गणित उलटे आहे. जिना उतरताना पायरीकडे किंवा जेवताना ताटाकडे नजर खाली जातच नसेल आणि माणूस सुरुवातीपासूनच वारंवार मागे पडत असेल, तर डॉक्टरांना 1964 मध्ये वर्णन झालेल्या प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीचा संशय येतो. तो वेगळा आजार आहे. त्यात पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाचा फायदा बहुधा थोडा आणि तात्पुरताच होतो.

शंका आली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. चक्करीसाठी दिली जाणारी सिनारिझीन दीर्घकाळ घेतल्यानेही पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात. मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका.