आपली फळे, आपला बाजार (भाग ६) : लिंबू उन्हाळ्यातच का महागते?

मागच्या आठवड्यात डाळिंबावर लिहिले. बागलाणात त्याला कोणी हरकत घेत नाही. आज संत्री, मोसंबी आणि लिंबू यांचा विषय काढला, तर सटाण्यातला शेतकरी विचारील, "यात आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आपला कसमादे पट्टा ओळखला जातो तो डाळिंब, अर्ली द्राक्ष आणि कांद्यासाठी. पण संबंध जुना आहे. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त बागलाणचे वर्णन करताना साल्हेर-मुल्हेर किल्ल्यांच्या जोडीने इथल्या फळांचीही नोंद केली आहे. त्यात द्राक्षे आहेत, डाळिंबे आहेत आणि लिंबूवर्गातले फळही आहे. पहिल्या दोघांनी शिवार धरले, तिसरे बांधावर आणि परसात उरले. आज राज्यात संत्र्यासाठी वरूड-मोर्शी-काटोलकडे पाहायचे, मोसंबीसाठी जालना-पैठणकडे आणि कागदी लिंबासाठी नगर-सोलापूरकडे.

म्हणजे आपल्या ताटातल्या लिंबाचा भाव ठरतो दुसऱ्याच्या बागेत. तो कसा ठरतो, हे समजायला डाळिंबवाल्याला वेगळी शाळा नको. बहार हा शब्द त्याला पाठ आहे. लिंबूवर्गीय झाडेही पाण्याचा ताण दिला की फुलतात आणि त्यांचेही तेच तीन बहार : जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे, जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. आंबे बहाराचे संत्रे दिवाळीच्या आगेमागे उतरते, मृगाचे फेब्रुवारीनंतर. मधल्या काळात, डिसेंबरपासून, पंजाबातल्या अबोहरकडचा किन्नो गाड्यांवर दिसू लागतो. साल घट्ट, रस भरपूर, बिया जास्त. कित्येक गिऱ्हाइके त्यालाच संत्रे समजून घेतात आणि विक्रेताही दुरुस्ती करीत नाही.

लिंबाचे गणित जास्त नाजूक आहे. फुलापासून तोडणीपर्यंत साधारण पाच-सहा महिने लागतात. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, ऐन मागणीत, जे लिंबू हवे ते आदल्या हस्त बहाराचे. आणि हाच बहार सर्वांत बेभरवशाचा, कारण ताण द्यायचा त्या दिवसांत पाऊस पडत असतो. भर पावसाळ्यात झाडाला तहान लावायची, हे कोणाच्या हातात आहे? म्हणून कृषी विद्यापीठांनी फवारणीचा मार्ग काढला : जूनमध्ये जिब्रेलिक ॲसिड ५० पीपीएम, म्हणजे मृगाची फुले रोखली जातात, सप्टेंबरमध्ये सायकोसिल १००० पीपीएम, म्हणजे पाऊस असूनही झाडाची शाकीय वाढ थांबते, आणि ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट १ टक्का. उपाय चांगला आहे, पण धो धो पावसापुढे त्याचीही मर्यादा आहे.

२०२२ चा एप्रिल आठवा. २०२१ च्या परतीच्या पावसाने हस्त बहार बिघडवला होता. पुढे मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि लहान फळ गळाले. त्यातच रमजान, लग्नसराई आणि रसवंत्या एकाच वेळी आल्या. शेजारी मालेगावसारखे मोठे गिऱ्हाईक असताना सटाण्याला त्याची झळ जरा जास्तच. लिंबू किलोवर घेणे लोकांनी सोडले, नगावर आले. एकेक लिंबू दहा रुपयांना. हॉटेलांतल्या थाळीतली फोड गेली आणि तिच्या जागी कांदाच जास्त आला. त्या वर्षी बातम्या साठेबाजांना शोधत होत्या. खरे कारण सहा महिने आधी बागेत घडून गेले होते.

उलटा अनुभव संत्र्याचा. देशात पिकलेले सगळे देशातच खपत नाही. निर्यात वजा आणि आयात जमा केली की घरचा पुरवठा कळतो. नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला २० टका होते, ते वाढवत २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेले. तिकडे जाणारा माल मागे वळला आणि वरूड-मोर्शीत भाव कोसळले. झाडावर फळ वाढले नव्हते, घरचा पुरवठा मात्र वाढला. आपण स्वस्त संत्री खाल्ली. ती स्वस्ताई विदर्भातल्या बागाईतदाराच्या खिशातून आली होती.

मोसंबीचा धडा त्याहून लांबचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात टँकरने जगवूनही हजारो झाडे वाळली, कुऱ्हाड लागली. कांद्याचे एक पीक गेले तर पुढल्या हंगामात भरपाई होते. मोसंबीचे नवे झाड नीट फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, तोवर बाजारातली ती जागा रिकामी राहते किंवा दुसरा कोणी भरतो.

आता आपल्याकडचे बोलू. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उपटल्या गेल्यापासून 'लिंबू लावू का?' हा प्रश्न बागलाणात ऐकू येतो. त्यामागचा समज असा की लिंबाला रोग कमी. पण तेल्या आणि लिंबावरचा खैऱ्या हे दोन्ही झांथोमोनास याच कुळातल्या जिवाणूंचे उद्योग, आणि दोघेही पावसाच्या उडत्या थेंबांवर स्वार होऊन पसरतात. तेल्यापासून पळून त्याच्याच चुलतभावाच्या घरी मुक्काम करायचा, असा हा प्रकार आहे. म्हणून रोपे घेताना राहुरी कृषी विद्यापीठाचे 'साई सरबती' वाण घ्या. खैऱ्याला ते बरेच सहनशील मानले जाते.

आणि रोपांच्या आधी विहीर बघा. पैसा आहे तो हस्त बहारात, आणि त्याचे फळ नोव्हेंबर ते एप्रिल पोसायला पाणी लागते. आरम आणि मोसम नद्यांच्या काठची गोष्ट वेगळी. पण ज्याच्या विहिरीला मार्चअखेर तळ दिसतो, त्याने लिंबाची बाग लावू नये, बांधावर दोन झाडे पुरेत.

(पुढील आठवड्यात : अर्ली द्राक्ष)