बाळाच्या अंगावरचा वाढता लाल ठिपका

गोंदिया शहराला लागूनच असलेल्या फुलचूरमधील अनेक बाळंतिणींची प्रसूती शहरातील बाई गंगाबाई महिला रुग्णालयात होते. बाळ घरी येते तेव्हा अंग स्वच्छ असते. दोन-तीन आठवड्यांनी गालावर किंवा पाठीवर डास चावल्यासारखा लाल ठिपका दिसतो आणि बघता बघता तो फुगू लागतो. मग कुणी ग्रहणाला दोष देते, कुणी आईच्या खाण्यापिण्याला. खरे तर दोष कुणाचाच नसतो. ही रक्तवाहिन्यांची गाठ असते. वैद्यकात तिला ‘हिमँजिओमा’ म्हणतात.

शरीरात नवी रक्तवाहिनी हवी असेल तेव्हा पेशी ‘व्हीईजीएफ’सारखी वाढीची रसायने सोडतात आणि गरज भागली की वाढ थांबते. हिमँजिओमात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढत राहतात आणि बारीक वाहिन्यांचा गुंता तयार होतो. ही गाठ कर्करोगाची नसते, शरीरात इतरत्र पसरत नाही. साधारण शंभरातील चार-पाच बाळांना ती होते. मुलींमध्ये, तसेच अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये तिचे प्रमाण अधिक असते.

पहिल्या तीन महिन्यांत गाठ झपाट्याने वाढते. वर्षभरानंतर ती फिकी पडत हळूहळू विरते आणि बहुतेक मुलांमध्ये चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बरीच ओसरते. जन्मतःच असलेला, सपाट, जांभळट डाग मात्र वेगळा. तो आपोआप जात नाही.

बहुतेक गाठींना नुसती देखरेख पुरते. पण पापणीवरची गाठ नजर अडवू शकते, ओठावरची दूध पिताना त्रास देते, हनुवटी-गळ्याजवळच्या गाठीसोबत श्वासनलिकेतही गाठ असू शकते. अंगावर पाच किंवा अधिक गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. अशा बाळाला महिन्याच्या आतच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उपचाराचा मार्ग योगायोगाने सापडला. फ्रान्समधील बोर्दो येथे हृदयविकारासाठी प्रोप्रानोलॉल दिलेल्या बाळाची गाठ आकसू लागली. डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांनी ही निरीक्षणे 2008 मध्ये प्रसिद्ध केली. आज हेच औषध पहिली पसंती आहे. मात्र त्याने रक्तातील साखर आणि नाडीची गती कमी होऊ शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दूध पाजूनच द्यावे. बाळ दूध पीत नसेल तर डोस थांबवून लगेच डॉक्टरांना विचारावे.

प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. ठिपका उमटण्याचे दिवसही नेमके हेच. तेव्हा बाळाचे सगळे कपडे काढून अंग त्यांना दाखवावे, आठवड्याला एक फोटो काढून ठेवावा. चटका, चुना किंवा पाल्याचा लेप लावू नये. त्याने जखम चिघळते. गाठीतून रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे आणि दवाखाना गाठावा.